स्विस ट्रॅव्हल पास : अर्ध्या वाटेत उतरता येतं म्हणून

दादरच्या एका टूर कंपनीत आम्हाला 'बारा दिवस, सात देश' असं पत्रक मिळालं होतं. सासूबाईंनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि समोरच्या मुलाला एकच विचारलं, "मध्येच बाथरूमला जायचं झालं तर बस थांबवता का?" तो म्हणाला, "दोन-अडीच तासांनी हॉल्ट असतो, काकू." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पत्रकाची नीट घडी घालून त्यांनी ते परत दिलं. मुलुंडला पोचेपर्यंत आमचं ठरलं होतं : एकच देश, एकच मुक्काम, आणि बसऐवजी रेल्वे.

आम्ही सहा जण. मी, नवरा, वीस महिन्यांची लेक, सासूबाई (वय ७३, दोन्ही गुडघे दुखरे), बाबा म्हणजे माझे सासरे (वय ७८, बायपास झालेली) आणि माझी आई. मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला सात रात्री राहिलो आणि आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घेतला. हा पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा मिळतो. रेल्वे, बस, तलावातल्या बोटी, शहरातल्या ट्राम, सगळं त्यात येतं. आम्ही तो मुंबईतूनच ऑनलाइन घेतला. पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा असतो, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवावा. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, म्हणून पास पाचच काढले.

पासची खरी किंमत आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळली. ल्युसर्नहून इंटरलाकेनला निघालो होतो, साधारण दोन तासांचा प्रवास. गीस्विल सोडलं की गाडी दात्यांच्या रुळावर येते (चढावर पकड मिळावी म्हणून दोन रुळांच्या मध्ये दाते असलेला आणखी एक रूळ असतो) आणि डोंगर चढायला लागते. वळणं सुरू झाली आणि लेकीने सगळा नाश्ता माझ्या ओढणीवर काढला. मग जे रडणं सुरू झालं ते थांबेना. तेवढ्यात लुंगर्न आलं. बाबा उठले आणि म्हणाले, "उतरा. सगळे उतरा."

स्टेशनच्या बाकावर बसलो. सासूबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, सकाळी कालवलेला दहीभात. लेकीने आधी मान फिरवली, मग आजीच्या बोटावरचं एक शीत चाखलं, मग दुसरं, आणि मग डबाच ओढला. खाली निळंहिरवं तळं, समोर अजून बर्फ असलेले डोंगर. माझी आई तिथे तासभर नुसती बसून होती. मला म्हणाली, "इंटरलाकेनमध्ये याहून वेगळं काय असणार आहे गं?" पुढच्या तासाच्या गाडीने ल्युसर्नला परत आलो. सुटी तिकिटं काढली असती तर पैसे वाया जातील म्हणून आम्ही रडतं पोर घेऊन तसेच पुढे रेटले असतो. मला स्वतःला मी चांगली ओळखते, रेटलंच असतं.

वयस्कर माणसं आणि लहान मूल बरोबर असलं की बेत रोज मोडतो. कुणाची झोप झालेली नसते, कुणाचे गुडघे धरतात. अशा वेळी "चला, परत फिरू" हे कुणालाही अपराधी न वाटता म्हणता आलं पाहिजे. आम्हाला ते पासमुळे म्हणता आलं.

डोंगर कोणता चढायचा हे मुंबईतच ठरवलं होतं. टिटलिसचं वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर आहे, युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर. बाबांच्या डॉक्टरांनी इतक्या उंचीला स्पष्ट नाही म्हटलं आणि वीस महिन्यांच्या पोरीला तिथे न्यायला मीही तयार नव्हते. म्हणून रिगी, साधारण १,८०० मीटर. वरपर्यंत नेणारी रेल्वेसुद्धा पासमध्येच येते, वेगळा पैसा द्यावा लागला नाही. ल्युसर्न स्टेशनसमोरच धक्का आहे. तासाभरात बोट फिट्सनाऊला लागते, तिथून दात्यांची गाडी अर्ध्या तासात शिखराजवळ नेते. फिट्सनाऊची ही रेल्वे १८७१ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. बाबांची सगळी नोकरी माटुंगा वर्कशॉपमध्ये गेली. शिडीसारखा दिसणारा तो मधला रूळ ते फलाटावरून वाकून वाकून बघत होते. "आपली माथेरानची १९०७ची. त्याच्या छत्तीस वर्षं आधी यांनी हे केलं," असं त्यांनी मला, नवऱ्याला आणि एका अनोळखी जर्मन आजोबांनाही सांगितलं. वर शेवटचा चढ आहे, सासूबाई तो चढल्या नाहीत. त्या आणि माझी आई उन्हात कॉफी घेऊन बसल्या.

आता तक्रारी. ज्येष्ठांना या पासवर सवलत नाही. पंचविशीच्या आतल्यांना आहे, पण ७८ वर्षांच्या बाबांना माझ्याइतकाच दर पडला. हे मला अजिबात पटलं नाही. दुसरं, दिवस सलग मोजले जातात. आम्ही दोन दिवस पूर्ण विश्रांती घेतली, ते पासमधून गेलेच. तिसरं, पास घेतला की सगळे डोंगर फुकट असं समजू नका. टिटलिसला निम्मी सवलत मिळते, युंगफ्राउयोखला फक्त पाव. काही दुमजली गाड्यांत मुलांसाठी घसरगुंडीचा डबा असतो, लेकीला तो फार आवडला, पण तो वरच्या मजल्यावर. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बसावं. आणि मोठ्या स्टेशनांवर शौचालयाला पैसे पडतात, गाडीतलं मात्र फुकट. सासूबाईंचा प्रश्न तिथे कायमचा सुटला.

तयारीतलं थोडं. फ्लॅट घेताना आम्ही मालकाला लिफ्टच्या दाराची रुंदी सेंटीमीटरमध्ये विचारली होती, कारण जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये बाबागाडी मावत नाही. शेंगेन व्हिसाचा (स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, उन्हाळ्यासाठी जानेवारीतच मागे लागा. सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही, बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. ज्येष्ठांचा विमा घेताना आधीच्या आजारांचं कलम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. विमानतळावरची व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवून ठेवा, त्याचे पैसे लागत नाहीत. बाळाची दूध पावडर दोन किलोपर्यंत नेता येते, पण तुपाची बरणी आणि खव्याचे पदार्थ चालत नाहीत. सासूबाईंना याचं फार वाईट वाटलं. मेतकूट आणि भाजणी मात्र आली, आणि छोटा कुकरही. रविवारी दुकानं बंद असतात, पण ल्युसर्न स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. तिथलं साधं दही भाताला अगदी छान लागतं.

पाचव्या दिवशी पुन्हा इंटरलाकेनची गाडी धरली, या वेळी लेकीला नाश्ता न देता. लुंगर्न आलं तेव्हा ती माझ्या आईच्या मांडीवर झोपली होती, आणि बाबा खिडकीशी उभे राहून रुळाचे दाते मोजत होते. पुढच्या वेळी फ्लेक्स पास घेणार आहोत. त्यात महिनाभरातले आपल्याला हवे ते दिवस निवडता येतात, म्हणजे विश्रांतीचा दिवस पासमधून जाणार नाही.