टायपिंगच्या लयीवरून होणारी ओळख: ब्लॉकर, टॉर, कॉपी-पेस्ट की क्लोक?

व्हीपीएन घेतलं की आपण लपलो, असं वाटत असेल तर तो पर्याय आधीच यादीतून काढा. व्हीपीएनने आयपी पत्ता बदलतो आणि इन्कॉग्निटो विंडो बंद केली की कुकी जातात. बोटं मात्र तीच राहतात, आणि त्यांच्या टायपिंगच्या लयीवरून साइट तुम्हाला ओळखू शकते.

कळ कधी दाबली आणि कधी सोडली, हे ब्राउझर पानावरच्या स्क्रिप्टला, म्हणजे पानासोबत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, परवानगी न विचारताच सांगतो. एक कळ किती मिलिसेकंद दाबलेली होती आणि तिथून पुढच्या कळीवर जायला किती वेळ लागला, हे त्यातून निघतं. तुम्ही काय लिहिलं याच्याशी या मोजमापाला देणंघेणं नाही, लय पुरते. दुसऱ्या महायुद्धात मोर्स संदेश चोरून ऐकणारे लोक शत्रूचा ऑपरेटर त्याच्या टकटकीवरून ओळखायचे. युक्ती तीच, फक्त ऐकणारं आता यंत्र आहे. त्यात माऊसची वळणं, स्क्रोलचा वेग आणि फोन हातात किती तिरका धरता, याचीही भर पडते.

निवड करण्याआधी एक ठरवा: तुम्हाला नको आहे ते कुणाचं लक्ष? जाहिरातवाल्यांचं आणि त्यांच्या ट्रॅकरचं, की तुमची दोन खाती एकाच माणसाची आहेत हे शोधू पाहणाऱ्याचं? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

ब्लॉकर. पहिल्या गटासाठी युब्लॉक ओरिजिनसारखा, जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारा ब्लॉकर बहुतेकांना पुरेल. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2017 मध्ये सर्वाधिक लोकप्रिय 50,000 वेबसाइट तपासल्या, तेव्हा 482 साइटवर वापरकर्त्याची हालचाल नोंदवणाऱ्या त्रयस्थ स्क्रिप्ट सापडल्या होत्या. टाइप करून पुसलेला, कधीच न पाठवलेला मजकूरही त्यांच्याकडे जाऊ शकत होता. अशा बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्ट ब्लॉकर अडवतो. पण साइटने स्वतःच्या पानातच मोजमाप केलं तर तो बहुधा काही करू शकत नाही.

टॉर ब्राउझर. निनावी राहण्यासाठी बनवलेला हा ब्राउझर स्क्रिप्टला मिळणारी वेळ मुद्दाम ढोबळ करतो. बारीक फरक त्यामुळे पुसट होतात, पण कुणी तासभर लिहीत बसला तर सरासरी काढून बरंच हाती लागू शकतं. सुरक्षेची सर्वात कडक पातळी लावली तर जावास्क्रिप्टच, म्हणजे या स्क्रिप्टची भाषाच, बंद होते आणि मोजमापाचा प्रश्न जवळपास मिटतो. त्यासोबत निम्म्या साइट रुसतात, हा भाग वेगळा.

कॉपी-पेस्ट. सगळ्यात साधा, फुकट आणि मला सर्वात पटलेला उपाय. मजकूर कॉम्प्युटरवरच्या साध्या नोटपॅडमध्ये लिहायचा आणि तयार झाला की चिकटवायचा. साइटला कळतं की मजकूर पेस्ट झाला. तो कसा टाइप झाला हे कळत नाही, कारण तिच्यासमोर तो टाइप झालेलाच नसतो. पथ्यं दोन. ऑनलाइन नोट्समध्ये लिहू नका, तेही वेबपानच. आणि पेस्ट केल्यावर 'हा शब्द जरा बदलू' म्हणत चौकटीत दोन वाक्यं नव्याने टाइप करू नका. चॅटसाठी मात्र हा उपाय फार कंटाळवाणा आहे.

क्लोक. दुसऱ्या गटातल्यांनी याचा विचार करावा, म्हणजे ज्यांचं निनावी असणं ही सोय नसून गरज आहे त्यांनी. क्लोक (kloak) हे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं, कीबोर्ड आणि बाकीची प्रणाली यांच्या मध्ये बसतं आणि प्रत्येक कळ यादृच्छिक उशिराने पुढे पाठवतं. कमाल उशीर आपण ठरवायचा: कमी ठेवला तर लय डोकावते, वाढवला तर अक्षरं बोटांच्या मागून येतात आणि जलद टाइप करणारा वैतागतो. ब्राउझरच्या एक्स्टेंशनमधूनही असा प्रयत्न झाला आहे. 2015 मध्ये पेर थॉर्शेम आणि पॉल मूर या सुरक्षा संशोधकांनी क्रोमसाठी तसं एक काढलं होतं. पण एक्स्टेंशनचं राज्य ब्राउझरपुरतं. क्लोक प्रत्येक प्रोग्रॅमला लागू होतं.

यातलं काहीही तुमची लेखनशैली लपवत नाही. ठरावीक शब्द, विरामचिन्हांची सवय, त्याच त्या शुद्धलेखनाच्या चुका, हे सगळं पेस्ट केलेल्या मजकुरासोबत जातं.

फोनवर एक पटकन होणारं काम आहे: अँड्रॉइडवरच्या क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये मोशन सेन्सर बंद करा. आयफोनवरच्या सफारीत साइटला त्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, ती नाकारा.

बँकेची गोष्ट निराळी. चोराने तुमचा पासवर्ड मिळवला तरी त्याचा हात वेगळा पडतो, म्हणून काही बँका ही लय फसवणूक पकडायला वापरतात. तिथे लय बिघडवली तर जास्तीची पडताळणी मागे लागू शकते. बँकेसाठी साधा, वेगळा ब्राउझर ठेवा आणि त्यात दुसरं काही उघडू नका. क्लोक सगळ्या मशीनला लागू असल्याने, ते वापरत असाल तर बँक दुसऱ्या उपकरणावर.