मायट्रल व्हॉल्व्हभोवतीची गळती: सेप्टममधून जावं की एपेक्समधून?

मायट्रलच्या (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) जागी बसवलेल्या कृत्रिम व्हॉल्व्हची शिवणकड आणि हृदयाची मूळ कड यांच्यात फट पडली, की रक्त उलटं फिरतं. दम लागतो किंवा तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन घसरतं. कॅथेटरने (बारीक नळीने) प्लग, म्हणजे फट बुजवणारं बूच, लावण्याआधी दोन गोष्टी तपासा: जंतुसंसर्ग चालू आहे का आणि व्हॉल्व्ह डोलतोय का. यांपैकी एक जरी असेल, तर प्लगचा विचार सोडून सर्जनशी बोला.

फटीपर्यंत जायच्या वाटा दोन: सेप्टम, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा, टोचून; किंवा एपेक्स, म्हणजे हृदयाचं खालचं टोक, टोचून. कुठली घ्यायची ते फटीच्या जागेवरून ठरतं. थ्रीडी टीईईवर (अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर) सर्जनच्या नजरेचं घड्याळ मांडा: १२ वाजता एओर्टिक व्हॉल्व्ह, ९ वाजता लेफ्ट एट्रियल अपेंडेज (डाव्या वरच्या कप्प्याची छोटी पिशवी), ३ च्या बाजूला सेप्टम.

सेप्टमची वाट जांघेतल्या शिरेतून जाते, छातीला छेद नाही. ९ च्या आसपासच्या फटी इथून चांगल्या गाठता येतात. ३ जवळची फट मात्र सेप्टम ओलांडताच तीव्र वळण मागते. वळवता येणाऱ्या शीथमधूनही (बाहेरच्या रुंद नळीतूनही) वायर फटीपार जाते, पण अनेकदा कॅथेटर मागोमाग जात नाही, निसटतं. आधारासाठी तीच वायर एओर्टातून पकडून पायाच्या धमनीतून बाहेर काढतात. एओर्टिक व्हॉल्व्हही यांत्रिक असेल तर हे करू नये. त्याची चकती अडकते.

एपेक्समधून तीच फट जवळजवळ सरळ रेषेत येते आणि काम लवकर होतं. मोल मोठं आहे: छातीत रक्तस्राव, फुप्फुसाला किंवा कोरोनरी धमनीला इजा. म्हणून टोचायची जागा सीटीवर आधी ठरवा आणि निघताना छिद्र कसं बंद करायचं तेही.

आमचा कल सेप्टमकडे. पण फट ३ च्या बाजूला आणि एओर्टिक व्हॉल्व्ह यांत्रिक, असं असेल तर एपेक्सचीच तयारी ठेवावी.

फट चंद्रकोरीसारखी असेल तर एका मोठ्या प्लगपेक्षा दोन लहान बरे. मोठ्याची कड व्हॉल्व्हवर येते. टीटीके चित्रासारख्या तिरप्या उघडणाऱ्या एकचकती व्हॉल्व्हमध्ये ती चकतीलाच अडवू शकते. प्लगची केबल सोडण्याआधी चकतीची पूर्ण उघडझाप फ्लुरोस्कोपीवर (चालू एक्स-रेवर) पाहा. अडत असेल तर प्लग परत ओढा.

दम लागणाऱ्याला गळती बरीच कमी झाली तरी आराम पडतो. पेशी फुटत असतील तर उरलेली बारीक धारही त्या फोडायला पुरते, कधी त्रास वाढवते. अशा रुग्णात एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि हिमोग्लोबिन पुन्हापुन्हा तपासावं. सुधारणा नसेल तर दुसरा प्लग की शस्त्रक्रिया, हे सर्जनसोबत ठरवावं.