दोन खेपा बोटॉक्स, एक खेप फिलर: दहा महिन्यांनंतर

"चिडलीस का गं?" हा प्रश्न गेली पाच-सहा वर्षं मला कुणी ना कुणी विचारायचंच. मी चिडलेली नसायचे. दोन भुवयांच्या मधल्या दोन उभ्या आठ्या इतक्या मुरल्या होत्या की झोपेतसुद्धा जायच्या नाहीत. (नवऱ्याने झोपेतला फोटो काढून दाखवला. मी मागितला नव्हता.) वय 44. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

जाताना मनात दोन तक्रारी होत्या: या आठ्या, आणि नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेल्या रेघा. मला वाटायचं, एकच इंजेक्शन, दोन्हीकडे टोचून घेऊ. डॉक्टरांनी आरसा हातात दिला आणि म्हणाल्या, "आठ्या घाला." घातल्या. "आता गाल वर ओढा." ओढला, तर खालची रेघ जवळजवळ नाहीशी! आठ्या स्नायूच्या ओढीने पडतात, खालची रेघ गालाचा भरीवपणा ओसरून कातडी खाली आल्याने पडते. पहिलीवर बोटॉक्स, म्हणजे स्नायूला ढिला करणारं औषध. दुसरीवर फिलर, म्हणजे भरण करणारं जेल. खालच्या रेघेवर बोटॉक्स दिलं तर रेघ राहील ती राहीलच, वर हसू वाकडं होईल, असंही त्यांनी सांगितलं. हा फरक आधी कळला नसता तर मी चुकीच्या अपेक्षेने बसले असते. नंतर नाराज झालेल्या ज्या काही ओळखीच्या बायका भेटल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींचा घोटाळा इथेच झाला होता.

बहीण म्हणाली, "विष टोचून घेतेस?" तिचं चूक नाही. डबाबंद अन्न नासून होणारी जी जीवघेणी विषबाधा, तिच्या जिवाणूपासूनच हे मिळतं. मज्जातंतू स्नायूला 'आवळ' असा जो रासायनिक निरोप देतो, तो हे अडवतं. आधी ते डोळ्यांच्या डॉक्टरांचं औषध होतं. तिरळेपणावर आणि पापण्या सारख्या मिटण्याच्या विकारावर अमेरिकेत त्याला 1989 मध्ये परवानगी मिळाली. कॅनडातल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांचा हा विकार असलेल्यांना ते देत होत्या, तेव्हा भुवयांमधल्या आठ्याही मावळतात असं दिसलं. त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून ते 1992 मध्ये प्रसिद्ध केलं आणि 2002 मध्ये अमेरिकेत आठ्यांसाठी मान्यता आली. बहिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरी विषच ना." असो.

पहिली खेप. कुपीच्या तळाशी काही आहे असं वाटतच नव्हतं, नुसती पुसट साय धरल्यासारखं. त्यात सलाईन घालून अलगद फिरवलं. पांढऱ्या पेन्सिलीने भुवयांच्या मध्ये पाच ठिपके. सुई केसासारखी, पण एका टोचणीला कपाळात बारीक 'कर्र' ऐकू आलं, तेवढं मात्र अंगावर आलं. आठ्यांना 20 युनिट, कपाळाच्या आडव्या रेघांना थोडं कमी. युनिटचा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे "तुला किती दिलं, मला किती" ही तुलना ब्रँड वेगळा असेल तर फोल आहे. दहा मिनिटांत मोकळी. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही.

पहिले तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी आठी घालायला गेले तर कपाळ म्हणालं, नाही. हा अनुभव चमत्कारिक आहे. राग येतोय, पण चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. दहाव्या दिवशी नवीनच प्रकरण: डाव्या भुवईचं बाहेरचं टोक वर चढलं, नाटकातल्या खलनायकासारखं. मुलगी दिवसभर तशी भुवई करून दाखवत फिरली. कपाळाचा मधला स्नायू ढिला पडला होता आणि कडेचा जागा होता, तो एकटाच ओढत होता. चौदाव्या दिवशी तपासणी ठरलेलीच होती. भुवईच्या वर दोन युनिट, आणि आठवड्याभरात भुवई जागेवर. दोन आठवड्यांच्या आधी दुरुस्तीसाठी धावू नये, कारण पूर्ण परिणाम तोवर दिसतच नाही. काही जणींची पापणी यात खाली उतरते, माझी मात्र उतरली नाही. तसं झालं असतं तर वाट बघण्यावाचून फारसा इलाज नसतो, बोटॉक्स उलटवणारं औषध नाही.

आठ्या पहिल्या खेपेत गेल्या नाहीत. घालता येईनात, पण मुरलेल्या दोन रेघा स्वस्थ चेहऱ्यावर दिसतच होत्या, निम्म्याने फिक्या. साडेतीन महिन्यांनी हालचाल परतू लागली, साडेचारव्या महिन्यात दुसरी खेप घेतली, आणि त्यानंतर खरा फरक पडला. "चिडलीस का?" बंद झालं. मला एवढंच हवं होतं.

फिलरची गोष्ट निराळी. ते तिसऱ्या महिन्यात घेतलं, हायल्युरॉनिक ॲसिडचं, दोन्ही बाजूंना मिळून एक मिली. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा आहे तो. सुन्न करणारं औषध जेलमध्येच होतं, तरी दाब चांगलाच जाणवतो. डॉक्टर थोडं भरायच्या, थांबायच्या, कातडी दाबून रंग परत येतो का बघायच्या. मी आधीच विचारलं होतं, "जेल रक्तवाहिनीत गेलं तर?" त्यांनी लपवलं नाही. कातडी मरू शकते, क्वचित नजरही जाते. भुवयांच्या मधला भाग आणि नाक तर फिलरसाठी फार जोखमीचे. जेल विरघळवणारं हायल्युरोनिडेज त्यांच्याकडे तयार होतं, ते त्यांनी कपाट उघडून दाखवलं. घरी गेल्यावर कातडी पांढरीफटक पडली, जाळीसारखी जांभळी झाली, दुखणं वाढत गेलं किंवा अंधुक दिसलं, तर सकाळची वाट न बघता यायचं, असं बजावलं. माझ्या मते डॉक्टर निवडताना सजावट, सवलत सगळं सोडून हे कपाट बघावं.

माझ्या वाट्याला फक्त डाव्या बाजूला काळंनिळं आलं. पुढे हिरवं, मग पिवळं, दहा दिवस. सूज आठवडाभर. त्यानंतर रेघ मऊ झाली, गेली नाही. नवऱ्याला विचारलं, "काय फरक वाटतो?" तो बराच वेळ बघून म्हणाला, "केस कापलेस?" सात महिने झाले, अजून टिकून आहे, पण पुन्हा घेईन असं वाटत नाही.

आरशाची एक खोड मात्र लागली, ती कुणी सांगितली नव्हती. आठ्या गेल्या तर मला डोळ्यांखालचे खड्डे दिसू लागले, जे आधी कधी दिसले नव्हते. विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, तिथली कातडी पातळ असते, जेल वरवर राहिलं तर निळसर झाक दिसते, तुम्हाला गरज नाही. मनातून थोडी खट्टूच झाले.

दुसऱ्या खेपेचा जोर आता ओसरलाय. काल फोनवर बोलताना आरशात बघितलं तर उजवीकडची आठी हळूच डोकं वर काढत होती. तिसऱ्या खेपेची वेळ अजून घेतलेली नाही. बहिणीच्या मते घेऊ नये. काल तीच म्हणाली, "चिडलीस का गं?"