घरचे कागद: बॉक्स फाइल की स्कॅन?

खरेदीखत, मृत्युपत्र, मुद्रांकावरचे करार यांचा मूळ कागदच लागतो. गृहकर्ज देताना बँक मूळ खरेदीखत मागते. हे बॉक्स फाइलमध्ये, पंच न करता, प्लास्टिकच्या पाकिटात. लॅमिनेशन मात्र नको, ते नंतर निघत नाही. फाइलची खोड एकच: ‘इतर’ नावाचा कप्पा केला की सगळे तिथेच साचते.

वीजबिले, वॉरंटीच्या पावत्या, जुनी विवरणे स्कॅन करावीत. दुकानातली गुळगुळीत पावती थर्मल कागदाची असते, उष्णतेने अक्षरे उडतात. म्हणून ती आली त्याच दिवशी टिपावी. ३०० डीपीआय (स्कॅनच्या स्पष्टतेचे माप), पीडीएफ आणि नावात आधी वर्ष: ‘२०२५-०६-१२ फ्रिज पावती’. नाहीतर फोनमध्ये ‘स्कॅन ४७’ शोधत बसाल. प्रत दोन ठिकाणी हवी, फोन हरवतोच.

डिजिलॉकर या कागदपत्रांच्या सरकारी अ‍ॅपमध्ये एक फरक लोक विसरतात. सरकारी खात्याने तिथे थेट दिलेला वाहन चालवण्याचा परवाना मूळ कागदाइतकाच ग्राह्य असतो. आपण स्वतः चढवलेला फोटो ही नुसती प्रत. म्हणून स्कॅन झाला म्हणून मूळ कागद रद्दीत टाकू नका. पावत्यांचेही वॉरंटी संपेपर्यंत तेच. बाकीची रद्दी देताना पॅन, खाते क्रमांक असलेली पाने आधी फाडा.