जुन्या कार टेपला ऑक्स: सोलापुरात मिळणारे चार उपाय आणि आमचा उलटा क्रम

जुनी मारुती ८००, झेन, सँट्रो किंवा क्वालिस. कॅसेटचा नाहीतर सीडीचा टेप अजून ठणठणीत वाजतोय, पण गाणी आता मोबाईलमध्ये किंवा खिशातल्या प्लेअरमध्ये आहेत. अशा गाडीसाठी चार उपाय मिळतात: एफएम मॉड्युलेटर, कॅसेट अडॅप्टर, टेपच्या मागून जोडलेली ऑक्स (म्हणजे बाहेरचा आवाज टेपमध्ये घेणारी) वायर आणि टेप उघडून आतून काढलेली ऑक्स. दुकानात आधी पुढे केला जातो तो मॉड्युलेटर, कारण त्याला बसवायचं काहीच काम नाही. आमचा क्रम उलटा आहे: आधी टेपचा मागचा भाग बघायचा, मॉड्युलेटर सगळ्यात शेवटी. शिट्टी, घूं घूं, खरखर या तक्रारींचं खापर वायरवर फुटतं. खरं कारण बहुतेक वेळा अर्थ (अर्थिंग, म्हणजे मायनसची जोडणी) दोन ठिकाणांहून गेलेला असतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

मॉड्युलेटर आधी उरकून टाकू. लायटर सॉकेटमध्ये घालायचा, टेपचा रेडिओ त्याच फ्रिक्वेन्सीवर लावायचा, झालं. भाड्याच्या गाडीला किंवा दोन दिवसांच्या प्रवासाला ठीक. पण हा चिमुकला ट्रान्समीटर ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोकळी जागा शोधतो, आणि शहरात आकाशवाणीसोबत खासगी केंद्रंही आहेत. शेजारच्या केंद्रापासून निदान ०.४ मेगाहर्ट्झ अंतर ठेवा. जुन्या रेडिओला त्याहून जवळची दोन केंद्रं नीट वेगळी करता येत नाहीत. जुन्या पुणे नाक्यावर मोकळी वाटलेली जागा तुळजापूरचा घाट येईपर्यंत तशीच राहील याची खात्री नाही. शेजारून जाणाऱ्या ट्रकमध्ये त्याच फ्रिक्वेन्सीचा मॉड्युलेटर असेल तर दोन सेकंद त्याचं भजन तुमच्या गाडीत. शिवाय एफएम स्टिरिओत १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही. मोबाईलचा आवाज पूर्ण करून मॉड्युलेटरचाही वाढवला की ‘स’ आणि ‘श’ फाटतात, म्हणून मॉड्युलेटर मध्यावर ठेवा आणि बाकीचा आवाज टेपवर घ्या. १० पैकी ४.

याचाच वायरवाला भाऊ मात्र बरा असतो. तो अँटेनाच्या वायरमध्ये मध्येच जोडतात. चालू केला की बाहेरच्या अँटेनाचा संपर्क तोडतो आणि सिग्नल थेट रेडिओत सोडतो, त्यामुळे बाहेरच्या केंद्राचा त्रास जवळजवळ संपतो. ज्या टेपला मागे इनपुट नाही, कॅसेट नाही आणि उघडायचाही नाही, त्याला हाच घ्या. १० पैकी ६.

कॅसेट अडॅप्टरला लोक उगाच हसतात. त्यात छोटा चुंबकीय हेड असतो, तो टेपच्या हेडला चिकटून सिग्नल देतो. डेक चांगला असेल तर आवाज मॉड्युलेटरपेक्षा नक्कीच स्वच्छ येतो. पण घालण्याआधी टेपचा हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा. सोलापूरच्या धुळीत वर्षानुवर्षं राहिलेल्या हेडवर तपकिरी थर असतोच, आणि तो असला की वरच्या पट्टीचा आवाज दबतो. डॉल्बीचं (कॅसेटची खरखर कमी करणारं) बटण बंद ठेवा, नाहीतर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. टेपवर ‘मेटल’ असं बटण असेल तर तेही बंद, नॉर्मलवरच ठेवा. प्लेअरचा आवाज ७० ते ८० टक्के. ऑटो-रिव्हर्स डेक दर मिनिटाला ‘खट्’ करून बाजू बदलत असेल किंवा अडॅप्टर बाहेर फेकत असेल, तर अडॅप्टरमधल्या दात्यांनी रीळ फिरत नाहीये. डेकला वाटतं कॅसेट संपली. दात्यांना सिलिकॉन ग्रीसचा ठिपका लावून बघा, तेल ओतू नका. विकत घेताना वायर कुठल्या बाजूने निघते ते टेपच्या तोंडाशी जुळवा. काही डेक लांब बाजू आत घेतात, काही आखूड, आणि चुकीचा घेतला की वायर झडपेत चेपून तुटते. उन्हाळ्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. अडॅप्टर डेकमध्ये तसाच ठेवला तर प्लास्टिक वाकतं आणि पिंच रोलरला (फीत ओढणाऱ्या रबरी चाकाला) खळगा पडतो, म्हणून गाडी लावताना काढून ठेवा. १० पैकी ६.

आता मुख्य काम: टेपच्या मागची बाजू. बॅटरीची मायनस वायर काढा, पण त्याआधी टेप कोडवाला आहे का ते बघा. काही कंपनी फिटेड टेप बॅटरी काढली की कोड मागतात, आणि कोडचं कार्ड हरवलेलं असेल तर भलतंच काम गळ्यात पडतं. सिंगल डिन टेप म्हणजे तोंड १८० बाय ५० मिलिमीटर. तो काढायला दोन्ही बाजूंना लोखंडी चाव्या घालाव्या लागतात. चाव्या नसतील तर मेकॅनिकच्या हातात पेचकस जाऊ देऊ नका. पट्टी एकदा वाकली की टेप पुन्हा कधी घट्ट बसत नाही.

मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिना दिसल्या की लगेच खूश होऊ नका. त्यावर काय छापलंय ते वाचा. ‘लाइन आउट’, ‘रिअर आउट’ किंवा ‘सबवूफर’ असेल तर तो आवाज बाहेर जाण्याचा रस्ता आहे, ॲम्प्लिफायरसाठी. तिथे मोबाईल जोडून ‘टेपला ऑक्स चालत नाही’ असा निकाल देणारे कमी नाहीत. ‘ऑक्स इन’ किंवा ‘बस ऑडिओ इन’ असेल तरच पुढे. जुन्या सोनी टेपवर हा दुसरा प्रकार दिसतो. पायोनिअरच्या काही टेपला मागे निळं आयपी-बस सॉकेट असतं, त्याला कंपनीचाच सीडी-आरबी १० हा अडॅप्टर लागतो आणि सेटिंगमधून ऑक्स चालू करावी लागते. ऑक्स दिसत नाही म्हणून टेप खराब समजू नका, आधी ते सेटिंग शोधा.

इनपुट मिळालं तर काम अर्ध्या तासाचं: एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन, दुसऱ्याला दोन आरसीए, अशी दीड मीटर शिल्डेड (आत जाळी गुंडाळलेली) वायर. टोकाचा भाग डावा, मधली रिंग उजवी, मागचा दांडा अर्थ. आरसीएमध्ये लाल उजवा, पांढरा डावा. वायर ग्लोव्ह बॉक्समध्ये काढली तर उत्तम. गिअरच्या खालून नेली तर वाकवून वाकवून महिन्याभरात तुटते. आणि टेपच्या पॉवरच्या वायरला बांधून नेऊ नका. पॅनेलमध्ये सॉकेट बसवायचं असेल तर साधारण ६ मिलिमीटरचं भोक पुरतं. १० पैकी ९, आणि एक गुण कापला तो फक्त शोधाशोधीसाठी.

मागे काही नसेल तर आतून. हे काम रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या जुन्या माणसाकडे द्या. नुसते टेप बसवणाऱ्या वायरमनकडे नको. इथे तीन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली, कॅसेटच्या हेडच्या वायरवर जोडणं. हेडमधून येणारा सिग्नल जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट असतो, मोबाईलचा एक व्होल्टच्या आसपास. म्हणजे सुमारे दोन हजार पट. शिवाय तिथला प्रीॲम्प (बारीक सिग्नल आधी मोठा करणारा भाग) कॅसेटसाठी बास फुगवून देतो. आवाज फाटणारच.

दुसरी, व्हॉल्यूमवर सिग्नल नुसता जोडून देणं, मूळचा न तोडता. मग रेडिओचा प्रीॲम्प आणि मोबाईल एकमेकांना ओढत बसतात, आवाज निम्मा होतो आणि मागून रेडिओची कुजबुज येत राहते. यावर उपाय म्हणजे पाच पायांचं स्विचवालं ३.५ मिलिमीटरचं सॉकेट: पिन घातली की मूळचा सिग्नल तुटतो, काढली की पुन्हा जुळतो. साध्या तीन पायांच्या सॉकेटने हे होत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे स्पीकरच्या वायरीत मोबाईल जोडणं. आजच्या बहुतेक टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सहा-सात व्होल्ट डीसी उभे असतात, कारण ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा आहे. मोबाईलचं आउटपुट त्यात जळतं. याच कारणासाठी स्पीकरची मायनस बॉडीला लावू नका. मागच्या मालकाने लावलेली असेल तर नवा टेप बसवताना ती आधी सोडवून घ्या, नाहीतर टेपचा आयसी जळतो.

बरोबर जागा कुठली, तर प्रीॲम्पनंतर आणि व्हॉल्यूमच्या आधी. गोल फिरणारा जुना व्हॉल्यूम असेल तर त्याचा तो पाय शोधायचा जिथला सिग्नल बटण फिरवलं तरी कमीजास्त होत नाही. डाव्या-उजव्या दोन्हींसाठी एकेक. प्रत्येक वाटेत एक मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कंडेन्सर, म्हणजे डीसी अडतो आणि १० किलोओहमच्या इनपुटवर साधारण १६ हर्ट्झपर्यंतचा बास सुटतो. ०.१ चा लावला तर ढोलकी कागदाची वाटेल, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. शिल्डेड वायरीची जाळी एका टोकाला सॉकेटच्या अर्थला, दुसऱ्या टोकाला टेपच्या बोर्डाच्या अर्थला. डाग दिल्यावर स्लीव्ह चढवा. नुसती इन्सुलेशन टेप उन्हात चिकट होऊन सुटते.

बटणांनी व्हॉल्यूम चालणाऱ्या टेपमध्ये मात्र फिरणारं काही नसतं, टीडीए ७३१३ सारखा आयसी असतो. त्याला तीन स्टिरिओ इनपुट आहेत, पण रिकाम्या इनपुटवर जोडून उपयोग नाही, कारण ते निवडण्याची आज्ञा टेपचा प्रोसेसर देतच नाही. कॅसेट किंवा रेडिओच्या वापरात असलेल्या इनपुटवरच जायचं, स्विचच्या सॉकेटमधून. कॅसेटच्या वाटेवर जोडलं तर टेप वाजता ठेवायला आत कोरी कॅसेट घालावी लागते. हे कंटाळवाणं आहे, आणि चालणारी मोटर आवाजात मिसळते ती वेगळीच. रेडिओच्या वाटेवर जोडलं तर एखादं केंद्र धरून ठेवायचं, कारण केंद्र शोधताना टेप म्यूट होतो. आमचं मत रेडिओच्या बाजूने.

आता शिट्टी. इंजिन रेस केलं की आवाज चढतो? मग ती ऑल्टरनेटरची. मोबाईल चार्जरला लावलेला असेल तर पिन काढा. त्याच क्षणी शिट्टी गेली तर दोष ऑक्स वायरचा नाही: चार्जरमधून एक अर्थ आणि ऑक्समधून दुसरा अर्थ असा फेरा तयार झाला आहे. स्वस्त उपाय म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असलेली डबी, ऑक्स वायरीच्या मध्ये घालायची. शिट्टी जाते, पण स्वस्त डबीत बासही थोडा जातो. दुसरा उपाय, चार्जरचा अर्थ टेपच्या अर्थ पॉइंटवरच आणा. यात डबी लागत नाही आणि आवाज पूर्ण राहतो, म्हणून आधी हेच करून बघा. इंजिन बंद असतानाही ‘टर्र टर्र’ येत असेल तर तो मोबाईलच्या नेटवर्कचा सिग्नल, मोबाईल वायरीपासून लांब ठेवला की थांबतो.

ब्लूटूथ रिसीव्हर घेतला म्हणजे अर्थचा प्रश्न मिटला, हा समज चुकीचा. रिसीव्हर लायटरच्या यूएसबीवर चालतो आणि ऑक्समध्ये जातो, म्हणजे तोच फेरा पुन्हा. बॅटरीवर चालणारा घ्या, किंवा यूएसबीच्या वाटेत बी ०५०५ एस हा छोटा आयसोलेटेड (दोन्हीकडचा अर्थ वेगळा ठेवणारा) मॉड्यूल घाला. त्याची मर्यादा एक वॉट, म्हणजे ५ व्होल्टला २०० मिलिअँपिअर. रिसीव्हरला पुरे, मोबाईल चार्ज करायला नाही.

हेडफोनचं भोक नसलेल्या मोबाईलला टाइप-सी ते ३.५ वायर लागते. काही मोबाईल त्या पिनेतून आवाज थेट देतात, बाकीच्यांना आत डीएसी (डिजिटल आवाजाचा साधा सिग्नल करणारी चिप) असलेली वायर लागते. डीएसी नसलेली वायर घेऊन ‘टेपच वाजत नाही’ म्हणत परत येणारे अनेक, म्हणून दुकानातच स्वतःच्या मोबाईलला लावून इअरफोनवर ऐका.

टेपच बदलायचा ठरला तर खोक्यावरच्या ‘५०×४’ वर जाऊ नका. १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला ब्रिज ॲम्प्लिफायर स्वच्छ देऊ शकेल ते फार तर २५-२६ वॉट, त्याच्या पुढचा आकडा फाटलेल्या आवाजाचा. जोडणीत पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टला, लाल इग्निशनला, काळी अर्थला. पिवळी-लाल उलटी झाली की चावी काढल्यावर दरवेळी घड्याळ आणि केंद्रं पुसली जातात. दोन्ही कायमच्या सप्लायवर टाकल्या तर चार दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही. मूळचा कपलर कापू देऊ नका, गाडीच्या मॉडेलचा जोड-हार्नेस मागा. काम झाल्यावर गाडी दुकानासमोरच चालू करा, हेडलाइट, वायपर आणि पंखा लावा, मोबाईल चार्जरला जोडा आणि मग गाणं थांबवून टेपचा आवाज पूर्ण वाढवा. शिट्टी असेल तर इथेच ऐकू येते. पैसे त्यानंतर द्या.