कच्च्या कैद्यांसाठीची मोफत विधी साहाय्य सेवा : एक अभिप्राय

मुंबईतील एका कारागृहाच्या मोफत विधी साहाय्य कक्षाशी आमच्या चाळीतील एका मुलाच्या निमित्ताने माझा संबंध आला. मी कायदा शिकवते आणि आफ्रिकेतील फौजदारी न्यायप्रक्रिया हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्याने ही सेवा मी त्याच नजरेने पाहिली.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील कोणालाही, त्याचे उत्पन्न न पाहता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे वचन येथे खरोखर पाळले जाते. कोणी एक पैसाही मागितला नाही, आणि नेमलेल्या वकीलबाईंनी कागद नीट वाचून लगेच जामीन अर्ज दाखल केला.

खरी उणीव त्यानंतर जाणवली. जामीन मंजूर झाला, पण हमीदार नव्हता, आणि मुलगा आतच राहिला. ही गोष्ट त्याला कक्षातून कोणी सांगितली नाही. मुलाखतीच्या दिवशी काचेपलीकडून आईने सांगितली, आणि रेशनकार्ड व पगारपत्रक देणारा हमीदार शोधत तीच माऊली दारोदार फिरली. वास्तविक, जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. आमच्या बाबतीत आईने अर्ज दिल्यावरच हालचाल झाली.

आफ्रिकेतील मलावी या देशात २००० साली सुरू झालेल्या विधी साहाय्यकांच्या सेवेने नेमके हेच काम हाती घेतले. तेथे वकील फारच थोडे, म्हणून प्रशिक्षित विधी साहाय्यक तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर जामिनाच्या सुनावणीचे नाट्यप्रयोग करतात आणि दंडाधिकाऱ्यासमोर स्वतः काय मागायचे हे त्यांच्याकडून वदवून घेतात; कधी दंडाधिकारीच तुरुंगात येऊन प्रकरणे निकाली काढतात. उलट नायजेरियात २०१५ च्या कायद्याने दंडाधिकाऱ्यांना दरमहा पोलीस ठाण्यांची तपासणी बंधनकारक केली, तरी तेथील तुरुंगांत सुमारे दोन तृतीयांश माणसे खटल्याची वाट पाहत आहेत. तेथे ज्या गुन्ह्याचा खटला चालवण्याचा अधिकारच दंडाधिकाऱ्याला नाही, त्यात तो आरोपीची रवानगी तुरुंगात करतो आणि फाइल सरकारी अभियोक्त्यांच्या अभिप्रायाची वाट पाहत पडून राहते. वाजवी मुदतीत खटला चालावा हा हक्क आफ्रिकी देशांच्या मानवी हक्कविषयक करारात, म्हणजे आफ्रिकी सनदेत, सातव्या कलमात आहे; आफ्रिकी मानवी हक्क आयोगाच्या २०१४ च्या लुआंडा मार्गदर्शक तत्त्वांनी अटक आणि कोठडीचे नियमही तपशिलाने घालून दिले. कमतरता आहे ती फाइलचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाची, आणि आपल्याकडेही तीच आहे.

म्हणून पाचपैकी साडेतीन गुण. वकिलांच्या कामाला मी पूर्ण गुण दिले असते. ज्यांना गरज आहे त्यांनी १५१०० या विधी सेवेच्या मदत क्रमांकावर निःसंकोच फोन करावा. मात्र जामीन मंजूर होताच आदेशाची प्रत मागून घ्यावी आणि आठवड्यात सुटका न झाल्यास हमीदाराची अट शिथिल करण्याचा किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे हमीदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडण्याचा अर्ज कक्षामार्फत लेखी द्यावा.