‘अल अलामीन, १९४२’ म्हणून गळ्यात मारलेला कव्हेनंटर

ऑनलाइन लिलावातल्या एका जुन्या फोटोचं वर्णन असं होतं: ‘क्रुसेडर रणगाडा व सैनिक, अल अलामीन, ऑक्टोबर १९४२. मूळ प्रत.’ अल अलामीन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इजिप्तच्या वाळवंटात झालेली लढाई. चित्रात टरेट (तोफेचा फिरता घुमट) आणि पुढचा भाग तेवढा दिसत होता, खालची कडा कापलेली. प्रत हातात पडली तेव्हा चाकं मोजता आली. एका बाजूला चार.

क्रुसेडरला पाच असतात. चार मोठ्या चाकांचा तो कव्हेनंटर, दुसरा ब्रिटिश रणगाडा. तो वाळवंटातल्या त्या लढाईत नव्हताच; ब्रिटनमध्ये सरावासाठी राबवला गेला. दोघांचा घाट सारखाच, बसका, आणि कव्हेनंटरसारखीच सुरुवातीच्या क्रुसेडरवरही दोन पौंडी तोफ. त्यामुळे चाकं झाकली की काम सोपं होतं, आणि ती कडा चुकून कापली गेली असेल असं आम्हाला वाटत नाही.

तरी एक खूण कापायची राहिली होती. कव्हेनंटरचं इंजिन मागे, पण रेडिएटर पुढे, चालकाच्या डावीकडे. समोरून बघताना आपल्या उजव्या हाताला त्याची झडपांची जाळी दिसते. सुरुवातीच्या क्रुसेडरवर त्याच जागी मशीनगनचं छोटं टरेट असे. पुढे ते काढलं गेलं, म्हणून नुसतं टरेट नाही एवढ्यावर निकाल देऊ नका, जाळी शोधा.

गणवेशाबद्दल उगाच वाद झाला. ‘वाळवंटात लोकरी बॅटलड्रेस कसा?’ हा आक्षेप फुसका आहे. तिथल्या थंडीत तो घातला जाई. त्यापेक्षा शिरस्त्राण बघा. कासवाच्या पाठीसारखं खोलगट, मार्क ३ शिरस्त्राण लढाईत आलं जून १९४४ मध्ये. ते डोक्यावर असेल तर अलामीन विसरा.

कागदाने मात्र सगळ्यांना गंडवलं. अतिनील टॉर्चखाली निळसर चमकणारा कागद साधारण १९५० नंतरचा, कारण चमक आणणारी रसायनं तेव्हापासून वापरात आली. हा चमकला नाही. प्रत जुनीच होती, खोटी होती ती ओळख. मागचा ‘अलामीन, ऑक्टो. ४२’ हा मजकूर बॉलपेनचा, आणि ब्रिटनमध्ये बॉलपेन दुकानात आलं १९४५ च्या अखेरीस. नातवंडांनी नंतर लिहिलेलं असू शकतं, पण त्याला पुरावा म्हणत नाहीत.

बोली लावण्याआधी चारही कडांसह पूर्ण फोटो, मागची बाजू आणि चाकांचा जवळून घेतलेला फोटो लेखी मागा. इथे तक्रार केल्यावर विक्रेत्याने वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरात असलेली ओळ दाखवली: ‘माहिती मागील मजकुराप्रमाणे.’ पैसे परत मिळाले नाहीत.